वेक्लावर म्हटलेला आईचा विलाप

मी चार हिवाळे शाळेत गेले. पाचव्यात आई गेली, आणि अकराव्या वर्षी गाय माझ्या गळ्यात पडली. मला जे येतं ते कानानं आलेलं आहे. आमच्या सेतो लोकांच्या गावांत एक बाई गाण्याची ओळ सांगते, बाकीच्या ती उचलतात, आणि एकजणी सगळ्यांच्या डोक्यावरून वरचा सूर लावते. साठ वर्षं ओळ सांगणारी मी, ओक्से, आणि वरचा सूर माझ्या थोरल्या बहिणीचा, वेक्लाचा. आम्हाला बोलावल्याशिवाय इथे ना लग्न लागलं, ना कोणी मातीत गेलं.

म्हणून शाळेतल्या त्रीनबाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा मला नवल वाटलं नाही. पंचविशीची पोरगी, अंगात कोट पातळ.

"दर गुरुवारी वर्गात याल का, आजी? तुम्ही समोर बसून शिकवायचं. मी सगळं रेकॉर्ड करीन. मुलं घरी टॅबलेटवर सराव करतील. दोन्ही मिळून होईल."

"म्हणजे मला डब्यात भरणार."

"तुम्हाला नाही, तुमच्या आवाजाला."

"आवाज काढून घेतल्यावर माझ्यात राहतं काय? गुडघे."

वेक्ला चुलीपाशी हसत होती. "जाऊ या ग. घरी तरी तू काय करतेस, भिंतींना शिव्या देतेस."

वेक्लाला मूलबाळ नव्हतं. तिच्या डोक्यात एकच काळजी होती आणि ती तिनं मला कितीदा ऐकवली: आपल्या शवपेटीवर विलाप कोण म्हणणार? आमच्याकडे मेलेल्या माणसाला त्याचा स्वतःचा विलाप लागतो. तो काय रांधायचा, कुणाला जेवू घालायचा, कशावर चिडायचा, ते सगळं त्यात यावं लागतं. नाहीतर कोणी अनोळखी पुरल्यासारखं होतं. मी तिला शब्द दिला होता, "ताई, मी असेन नसेन, माझ्या घरातली बाई तुझ्या पेटीपाशी उभी राहील." घरातली बाई म्हणजे माझी नात लेनू. बारा वर्षांची, पण कान असा की कोंबडा ओरडला तर सूर सांगेल.

त्यामुळे शरदात मी वर्गात विलापही म्हटला. कोणी मेलेलं नसताना विलाप म्हणत नाहीत, म्हणून आधीच गेलेल्या आईवर म्हटला. सत्तर वर्षांनी. तिसऱ्या ओळीआधी मला ठसका लागला. वेक्ला मागे बसून नाक ओढत होती. त्रीनबाईंनी सगळं टिपून घेतलं.

दोन आठवड्यांनी मी तोच विलाप पुन्हा धरला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माझेच शब्द लिहिलेले होते, म्हणे मुलांच्या सोयीसाठी. मी दुसऱ्या ओळीवर आले, तोच लेनूचा हात वर.

"आजी, चुकलीस. तिथे 'विहिरीपाशी' आहे. तू 'सफरचंदाखाली' म्हणालीस."

सगळा वर्ग आधी पडद्याकडे बघून मग माझ्याकडे बघायला लागला. माझी आई विहिरीपाशीही उभी राहायची आणि सफरचंदाखालीही. त्या दिवशी मला सफरचंदाचं झाड दिसलं, एवढंच. विलाप दर वेळी नव्यानं जुळवायचा असतो, हे एक वाक्य मी तिथे बोलायला हवं होतं. मी शाल उचलली.

"मग आता त्यालाच विचारा," मी पडद्याकडे बोट दाखवलं आणि निघाले.

त्रीनबाई दोनदा मनवायला आल्या. दुसऱ्यांदा केक आणला. मी केक ठेवून घेतला आणि तिला परत पाठवली.

वेक्ला मात्र एकटी जात राहिली. परत आली की बाकावर धप्पकन बसायची. "ओक्से, चल ना. मी नुसती वर लटकते, खाली ओळ सांगायला कोणी नसतं."

"पडदा आहे की."

"पडद्याला तुझ्यासारखं तोंड नाही."

"बरंय मग, तुला शांतता."

सात गुरुवार असे घालवले. फेब्रुवारीत माझ्या घशातली गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. आता कुजबुजते, तेही कोणी कान जवळ आणला तर. आणि ईस्टर झाल्यावर एका सकाळी वेक्ला उठली नाही.

मी मयताच्या जेवणासाठी मधात कालवायला वाटाणे निवडत होते तेव्हा लेनू जवळ आली. "आजी, विलाप मी म्हणेन. मला पाठ आहे."

पाठ आहे, म्हणाली. तिथेच मला कळायला हवं होतं. पण माझी छाती फुगली. मान हलवली आणि तिच्यासाठी माझी चांदी काढली, छातीवरचा मोठा तबकासारखा दागिना. पोर त्या वजनानं पुढे वाकली.

कबरस्तानात उघड्या पेटीच्या कडेला हात टेकून तिनं सुरुवात केली. सूर असा स्वच्छ की बायकांनी रुमाल काढले. मग शब्द आले.

"आई ग, माझे आई, गाय कुणावर टाकून चाललीस, अकरा वर्षांच्या मला विहिरीपाशी सोडून..."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, मग आपापल्या बुटांकडे. तिसऱ्या ओळीआधी लेनू थांबली आणि खोकली. माझा ठसकासुद्धा तिनं घेतला होता. पलीकडे क्रुसांमागे त्रीनबाईंनी तोंडावर हात धरला. विलाप कोणी मध्ये तोडत नाही. एरवी मी पुढे होऊन ओळ माझ्याकडे घेतली असती, वेक्लाच्या शहाजिऱ्यावर, तिच्या फुटक्या चष्म्यावर नेली असती. मी तोंड उघडलं. नुसती हवा आली. कधी आई न झालेली माझी बहीण आमच्या आईच्या विलापाखाली मातीत गेली.

परतताना लेनूनं माझा हात धरला. "एकही शब्द चुकला नाही ना, आजी?"

"नाही," मी कुजबुजले. खरंच चुकला नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी शाळेत गेले. त्रीनबाई डोळे पुसत म्हणाल्या, "पुसून टाकते ते रेकॉर्डिंग. विलाप पाठ करायचा असतो का, ते मीच विचारायला हवं होतं."

मी तिचा हात धरला. दुसऱ्या ओळीमागे वेक्ला नाक ओढते, ते आता दुसरीकडे कुठे आहे? लाव म्हटलं. पहिली ओळ झाली आणि मी बंद करायची खूण केली. लेनूला जवळ ओढलं. "सूर त्यातला घे. शब्द तुझे."

"माझे? कुठले?"

"वेक्ला कशी होती?"

ती रिकाम्या पडद्याकडे बघत राहिली. सवयीनं. मग म्हणाली, "सगळ्यात शहाजिरं घालायची. पॅनकेकमध्येसुद्धा."

"मग ते म्हण."

चाळिसाव्या दिवशी आम्ही पुन्हा कबरीवर जेवण घेऊन जातो. अजून अकरा दिवस आहेत. लेनूच्या सहा ओळी झाल्या, त्यातल्या दोन बऱ्या. पेटी उघडी असताना, वेक्लाच्या तोंडाकडे बघत म्हणायच्या ओळी होत्या त्या. आता त्या मातीला सांगायच्या.