उलटा अंदाज

माझं काम वाऱ्याचं. फुगे सोडून मिळालेले वाऱ्यांचे आकडे नकाशावर मांडायचे, बाण जोडत जायचं आणि जिथे दोन वारे समोरासमोर येतात तिथे पेन्सिलीने रेघ ओढायची. पुस्तकात थंड हवेची आघाडी गरम हवेत घुसते वगैरे लिहिलेलं असतं, ते थंड देशांत. आमच्या बदलापुराकडे ऑक्टोबरात सकाळी घाटावरून कोरडा वारा येतो, दुपारी खाडीकडून दमट. दोघं भिडले की चारच्या सुमारास पाऊस कोसळतो. इतकं साधं आहे, पण माहेरी कोणाला सांगायची सोय नाही.

कारण २००३ साली हरिचंद्रच्या, माझ्या धाकट्या भावाच्या, हळदीला मी ‘कोरडं राहील’ म्हटलं आणि मांडव वाहून गेला. एकदा चुकले हो! तेव्हापासून बारवी धरणाजवळच्या आमच्या पाड्याने नियमच केला, अंजनी सांगेल त्याच्या उलट करायचं. मी पाऊस म्हटलं की छत्र्या घरी. भिजून आले की पुन्हा मलाच बोलणी, “जरा ठासून सांगाचं ना!” पाच वर्षं हेच. वीट आला होता.

२००८च्या ऑक्टोबरात ऑफिसात बाबांचा फोन आला. “बाय, सगला भात कापून शेतान परलाय. आज पाऊस परल का गो? उचलून घरान घेऊ?”

समोर नकाशा होता. रेघ बरोबर धरणावरून गेली होती. खरं सांगितलं तर हे लोक भात तसंच ठेवणार. मी चिडून खोटं बोलले.

“नाही पडणार. खुशाल राहू दे.”

“बरं, बाय.”

अखेर यांना बरोबर ओळखलं, म्हणून मी स्वतःवर खूश होते.

चार वाजता आभाळ फाटलं. संध्याकाळी पाड्यावर पोचले, तर कापलेलं भात पाण्यावर तरंगत होतं.

“आम्ही उचलाला निघालेलो,” हरिचंद्र वैतागून म्हणाला. “बाबांनी आरवलं, जाऊच दिला नाय.”

बाबा ओटीवर बसले होते. मागे एका खिळ्याला पाच वर्षांची कॅलेंडरं अडकवलेली. त्यांनी ती माझ्यासमोर धरली. मी जे जे सांगितलं, त्या त्या तारखेवर खूण होती. खरं ठरलं तर टिंब, खोटं ठरलं तर फुली. सगळीकडे टिंबंच. फुल्या फक्त दोन.

“गाव हसंल म्हनून बोललो नाय,” बाबा म्हणाले. “औंदा ठरवलं, आपल्या पोरीचंच ऐकाचं. जाऊ दे. दोनाच्या तीन झाल्या.”

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली.

“बाबा, फुली नको,” मी म्हटलं. “मी चुकले नाही. मला माहीत होतं.”

बाबा पेन्सिल परत कानावर ठेवून आत गेले. त्या तारखेचा चौकोन त्यांनी कोराच ठेवला.