पाटीवरचा सदरा

पाहुणे दारात आणि हंड्यात शिंपले नाहीत, असं आमच्या खाडीवर कधी झालं नव्हतं. मयताला दुरून आलेली माणसं घरी जाऊन आधी सांगतात काय, तर जेवणात शिंपले होते की नव्हते. म्हणून भावाच्या मयताला मेरेआनाने नवऱ्याला, पिरिपीला, सकाळीच खडकांवर पिटाळलं. किनाऱ्यावर शिंपले काढायला बंदीची सरकारी पाटी होती. पिरिपीने तिच्यावरच आपला ओला सदरा वाळत घातला.

गेलेल्या भावाची मुलगी रोइमाता खाडीचं पाणी तपासायच्या कामावर होती. स्वयंपाकघरात उकळता हंडा पाहून ती जागीच थबकली.

"आत्या, हे वाढू नकोस. शिंपल्यांत विष आहे."

"पाण्याचा तळ दिसतोय, बाई. आणि उकळल्यावर कसलं विष?"

"ते उकळून जात नाही. खाडीचं तोंड अरुंद, पाणी आत कोंडून राहतं. पावसाने वरच्या कुरणांतलं खत आणलं, ऊन पडलं आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या विषारी वनस्पती माजल्या. आता पाणी निवळलंय, पण शिंपल्यांनी त्या खाल्ल्यात ना!"

"तुझ्या बापाच्या मयताला मी नुसते बटाटे वाढू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

तेवढ्यात पिरिपी आत आला. शिंपले उकडताना मूठभर तोंडात टाकायची त्याची खोड साऱ्या गावाला ठाऊक.

"मेरे, ओठांना मुंग्या येतायत गं. बोटांनापण." तो हसायला गेला, पण जीभ जड झाली होती.

रोइमाताने रुग्णवाहिका बोलावली. मेरेआना त्याचा हात धरून बसली. हळूहळू तो हात तिचा हात दाबेनासा झाला, श्वास उथळ होत गेला. डोळे मात्र जागे होते आणि तिच्याकडेच बघत होते. बाहेर पाहुणे जेवायला बसत होते. अरे देवा, आणखी घटकाभराने हे सगळेच असे झाले असते!

रुग्णवाहिका दोघांना घेऊन गेली. गावातले वडीलधारे हेनारेआजोबा रोइमाताकडून सगळं ऐकून आत आले आणि म्हणाले, "हंडा उतरवा. खड्ड्यात ओता."

"पाटी तर दर वर्षी लावतात," एक बाई पुटपुटली.

"गावचा पोरगा बुडाला तेव्हा मी वाडवडिलांच्या रीतीने खाडीवर राहुईची बंदी घातली. कुणी शिंपल्याला हात लावलात? पाणी स्वच्छ की गढूळ, विचारलंत?"

"ती बंदी आपली होती, आजोबा."

"आणि ही कुणाची? आपलीच पोर बाप दारात निजलेला असताना पाणी तपासून आलीये. आता माझीही राहुई घाला तिच्या पाटीशेजारी."

पिरिपीला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी, दफनाच्या सकाळी, त्याने बायकोचा हात पुन्हा दाबला, तेव्हा कुठे ती गावी परतली. जेवणाआधी ती पाहुण्यांसमोर उभी राहिली.

"आज ताटात शिंपले नाहीत. मला फक्त माझ्या भावाला निरोप द्यायचाय, तुम्हाला नाही."

कुणी तोंडात शेण घातलं नाही. बटाटे आणि डुकराचं मटण लोकांनी मागून मागून घेतलं.

मंडळी, पाणी नितळ दिसलं म्हणून बंदी मोडू नका, आणि अब्रूपायी कुणाच्या जिवाशी खेळू नका. पाहुणा जिवंत घरी पोचला, हाच त्याचा खरा पाहुणचार.

संध्याकाळी मेरेआना किनाऱ्यावर गेली. पाटीवर पिरिपीचा सदरा तसाच होता. तिने तो काढून घेतला आणि पाटी पुसून सरळ केली.