अदेनच्या वाट्याचा गहू

शनिवारी सकाळी नीलाने फोन हातात घेतला, तर मेसेजचा खच पडलेला. सरकारने गव्हाची निर्यात बंद केली होती. युक्रेनच्या लढाईमुळे तिकडची जहाजं अडली, म्हणून निम्मं जग भारताकडे गहू मागत होतं. आता हेही दार लागलं. ज्या परदेशी गिऱ्हाइकांच्या बँकेची पैशांची हमी आधीच आली होती, तेवढ्यांचाच माल सुटणार होता.

अंधेरीतल्या एका निर्यात कंपनीची कागदपत्रं नीला अठरा वर्षं सांभाळत होती. कोणाची हमी आली नि कोणाची नाही, तिला तोंडपाठ होतं. येमेनमधल्या अदेनच्या सालेमची आली नव्हती.

नऊ वाजता मालकांचा, राजेशसरांचा फोन आला. "सालेमला सांग, सुटेल. मी दिल्लीला बोलतोय."

"नाही सुटला तर?"

"तेव्हा बघू. आत्ता तो हातचा गेला तर वाट लागेल आपली."

पाठोपाठ सालेमचाच फोन. त्याची पिठाची गिरणी होती, शहरातले शंभरेक पाववाले तिच्यावर चालायचे. "बहनजी, ऑस्ट्रेलियावाला दुसऱ्या फोनवर थांबलाय. भाव तासागणिक चढतोय. आमचं जहाज भरणार का, एवढंच सांगा."

"दहा मिनिटं द्या."

मुलुंडच्या घरी स्वयंपाकघरात तिचे सासरे श्यामसुंदर चहात खारी बुडवत बसले होते. सगळं त्यांच्या कानावर पडलं होतं.

"सहासष्ट साली आम्ही विक्रोळीला रेशनच्या रांगेत असायचो," ते म्हणाले. "अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो म्हणायचे. दिल्लीत कोणी व्हिएतनामच्या लढाईवरून ब्र काढला की तिकडची बोट रेंगाळलीच, असं मोठी माणसं बोलायची. दुकानदार म्हणायचा, उद्या येईल. रोज उद्या. त्या भरवशावर आईने डब्यातला शेवटचा तांदूळ शिजवला."

"मग?"

"मग चार दिवस पेजेचं नुसतं पाणी. खरं सांगितलं असतं ना गं, तर तिने पुरवून वापरला असता."

नीला ओट्याला टेकून उभी राहिली. तेव्हा अडवणारी अमेरिका होती, आज आपण. मार्चच्या उन्हाने इकडचा गहूही करपला होता. घरचं पोट आधी, हे तिला पटत होतं. पण अडवणं वेगळं आणि टांगून ठेवणं वेगळं.

तिने सालेमला फोन लावला. "नाही भरणार. ऑस्ट्रेलियाचा घ्या."

"शुक्रिया," म्हणून त्याने फोन ठेवला.

सोमवारी तिने स्वतःच राजेशसरांना सांगितलं.

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही, सर."

त्यांनी निर्यातीचं काम काढून घेतलं आणि तिला देशातल्या डाळींच्या कामावर बसवलं. दिल्लीची परवानगी काही शेवटपर्यंत आली नाही.

जुलैत सालेमचा मेसेज आला. ऑस्ट्रेलियाचा गहू मिळाला, पण मागितला त्याच्या निम्माच, तोही महाग. पाववाल्यांनी पाव लहान केले, पण भट्ट्या चालू आहेत.

नीलाने तो दोनदा वाचला. आनंद मानावा की नाही, तिला ठरवता येईना. तेवढ्यात राजेशसर टेबलापाशी थांबले. "सालेमचं काय?"

"जहाज पोचलं त्याचं."

ते घुटमळले. "बरं झालं," म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.