पंधरा ऑगस्टनंतरची

माझी आई मल-सून आणि माझी मावशी बुन-ही यांच्यात दीड वर्षाचं अंतर. मावशी पंचेचाळीसच्या वसंतात जन्मली, आई शेहेचाळीसच्या शरदात. दोघीही साखालिन बेटावर, कोळशाच्या खाणीपाशी, एकाच खोलीत. मधल्या काळात महायुद्ध संपलं, एवढाच काय तो फरक.

कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. आजोबांना जपान्यांनी कोरियातल्या उइसोंगच्या लसणाच्या शेतातून उचलून खाणीत राबायला आणलं होतं. आजी मागाहून आली. युद्ध संपलं, बेट रशियाकडे गेलं, आणि जपानी बोटी येऊन आपली माणसं घेऊन गेल्या. कोरियनांना त्यांनी सांगितलं, तुम्ही जपानी नाही. खाणीत उतरवताना मात्र आम्ही जपानी होतो. आजोबा खोल्म्स्क बंदराच्या टेकडीवर उभे राहून बोटी बघत. पुढची बोट आपली, असं आजीला सांगत. आजी तशीच वाट बघत गेली. पुढे ती खाण बंद पडली, वस्ती उठली, आणि तिचं थडगं नेमकं कुठे होतं तेही कुणाला सांगता येईना.

रशियन म्हणाले, आमचं नागरिकत्व घ्या. ते घेतलं तर आपल्याला कधीच घरी जाऊ देणार नाहीत, या भीतीने आजोबांनी घेतलं नाही. आईनेही त्यांच्या सोबतीने घेतलं नाही. त्यामुळे दोघं कुठल्याच देशाचे नव्हते. शेजारच्या शहरात जायचं तरी पोलिसांची परवानगी काढावी लागे. आईला डॉक्टर व्हायचं होतं, पण शिकायला समुद्रापलीकडे जाता येईना. ती मासळीच्या कारखान्यात लागली.

मावशीचं तसं नव्हतं. तिने कागदाच्या गिरणीत नोकरी धरली, रशियन मैत्रिणी केल्या, स्तेपान नावाच्या युक्रेनी खलाशाशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर पासपोर्टही घेतला. आजोबा सहा महिने तिच्याशी बोलले नाहीत. तिच्या घरी बीटाचं सूप, बोर्श, शिजायचं, आणि कोरियन बोलताना तिचे शब्द मध्येच अडायचे. आजोबांचं शेवटचं दुखणं काढलं आईने. त्यांचं श्राद्ध, सणाचा भात, वाकून करायचे नमस्कार, त्यांच्या गावची बोली, सगळं आईकडे राहिलं. आजोबांना तिने खोल्म्स्कच्या टेकडीवर, तोंड दक्षिणेला करून पुरलं. ते गेल्यावर तिनेही नाइलाजाने रशियन पासपोर्ट घेतला. मग स्तेपान गेला, माझे वडीलही गेले, आणि दोघी बहिणी एका घरात राहू लागल्या.

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात सोलहून एक अधिकारी आला. तिकडे दक्षिण कोरियात, आन्सान शहरात आमच्या लोकांसाठी इमारती उठत होत्या. तिथे कायमचं राहायला कुणाला जाता येईल, हे तो सांगणार होता. सभागृह खच्चून भरलं होतं. मी आईच्या शेजारी बसले होते. अधिकारी तरुण, चष्मेवाला, बोलायला अतिशय नम्र.

"साखालिनचे कोरियन म्हणजे पहिली पिढी," तो म्हणाला. "म्हणजे पंधरा ऑगस्ट पंचेचाळीसपर्यंत, जपान शरण गेला त्या दिवसापर्यंत, इथे आलेले किंवा इथे जन्मलेले. ते आणि त्यांचे नवरा-बायको."

पुढच्या रांगेत एक आजोबा बसले होते, बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले. ते उठले. "आणि त्यानंतर जन्मला तो?"

"तो दुसरी पिढी."

"कुणाची?"

"साखालिनच्या कोरियनांची."

"म्हणजे कोरियनच की."

"वंशाने, हो. परतण्याच्या दृष्टीने नाही."

"बरं. हा माझा धाकटा भाऊ. पंचेचाळीसच्याच सप्टेंबरातला. हा कोण म्हणायचा?"

"नागरिकत्वाने रशियन."

क्रेनवाले आजोबा भावाकडे वळले. "ऐकलंस का? तरी म्हटलं, घरातली व्होडका जाते कुठे."

सगळे हसले, भाऊसुद्धा. मग मागून शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "माझे आईवडीलही कोरियनच, पण ताश्कंदहून इथे शिकवायला आले. आम्ही कोण?"

"तुम्ही मुख्य भूमीवरचे. तो विषय वेगळा."

"माझा नवरा उत्तर कोरियातून मासेमारीला आला होता," आणखी कुणीतरी म्हणालं.

"ते उत्तरेचे. तो विषय तर फारच वेगळा."

"म्हणजे चाळणी घेऊनच आलात तुम्ही," क्रेनवाले आजोबा म्हणाले. यावर मात्र कुणी हसलं नाही. ज्यांची नावं नियमात बसत होती ते खाली बघू लागले. ज्यांची बसत नव्हती ते एकमेकांत बोलू लागले, आणि बघता बघता दोन बाजू पडल्या. एक बाई शेजारणीला म्हणाली, तुझ्या मुली तर कोरियन बोलतसुद्धा नाहीत, तुला कशाला हवंय जायला. शेजारीण म्हणाली, तुझा बाप खाणीत नव्हताच, कंत्राटदाराचा मुकादम होता. पन्नास वर्षं ज्या बायकांनी बाजारात शेजारी बसून किमची विकली होती, त्या.

माझी आई सहसा सभेत बोलत नाही. त्या दिवशी उठली.

"माझी ताई तेव्हा चार महिन्यांची होती. ती पहिली पिढी. बरोबर?"

"बरोबर."

"ती काही इथे चालत आली नव्हती. मीही नाही. आम्हाला एकाच बाईने एकाच खोलीत जन्म दिला. वडिलांचं सगळं मी केलं. मग आमच्यात फरक काय, तेवढं सांगा."

"बाई, कुठेतरी रेघ मारावी लागते. तुमचं दुःख मला समजतं."

"दुःख नका समजू. फरक सांगा."

त्याने चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. "तो नियम मी केलेला नाही," तो म्हणाला. ते खरंच होतं. आई खाली बसली.

घरी आल्यावर मावशीने पहिल्यांदा सांगून टाकलं की ती जाणार नाही. "मला तिथे काय करायचंय? मीठ मागायचं तरी मला शब्द आठवावा लागतो."

"शिकशील," आई म्हणाली. ती वाळवलेले नेच्याचे कोंब भिजत घालत होती.

"पंचावन्नाव्या वर्षी? तू जा."

"मला कुठे घेतायत."

"माझ्या नावाने जा. फोटोत आपण सारख्याच दिसतो. इथल्यांना तर सगळ्याच आपण सारख्या दिसतो."

"ते कोरियन आहेत, ताई. त्यांना कळेल."

"काही कळत नाही. म्हाताऱ्यांकडे कोण निरखून बघतं?" मावशी खुर्ची ओढून जवळ बसली. तिने विचार पक्का केला होता, हे मला दिसत होतं. "माझी पेन्शन मी इथेच खाईन. तुझी ही लारिसा आहेच माझ्याकडे बघायला. तुला जायचंय ना? लहानपणापासून जायचंय. मग जा."

आईचे हात पाण्यात तसेच राहिले होते. तिला मोह झाला होता. मी तिची मुलगी आहे, मला तो दिसला. मी तोंड उघडलं असतं तर काय बोलले असते, कोण जाणे.

"तिथे मेले तर थडग्यावर नाव कुणाचं घालतील?" आईने शेवटी विचारलं.

"माझं. त्यात काय?"

"आणि इथे तू मेलीस तर?"

मावशीने खुर्ची मागे सरकवली.

"इतकी वर्षं कागदावर मी कुठल्याच देशाची नव्हते," आई म्हणाली. "नाव मात्र माझं होतं, ताई. तेवढं राहू दे. तू जा. बाबांचं कुणीतरी जायला हवं."

मावशी गेली. ती रागाने गेली, आईवरच्या. आन्सानला एका घरात दोघांनी राहायचं, असा नियम होता. एकट्या माणसाला दुसरा एकटा माणूस जोडून देत. मावशीला प्यो नावाची बाई मिळाली, कोर्साकोवची, रात्रंदिवस टीव्ही लावून बसणारी. सख्खी बहीण जोडीला चालत नव्हती, परकी चालत होती.

मावशी फोनवर सांगे, भाजीवाली मला रशियन आजी म्हणते. बसमध्ये एकाने विचारलं, चीनकडच्या का तुम्ही? "तिथे आयुष्यभर मला कोरियन म्हणाले," मावशी म्हणायची, "आणि इथे आल्यावर रशियन. प्यो म्हणते, आपण माणसं नाही, पार्सल आहोत."

दोन वर्षांनी आई आणि मी पाहुण्यांच्या व्हिसावर तिला भेटायला गेलो. विमानतळावर आम्ही परदेशी लोकांच्या रांगेत उभ्या राहिलो. दुसऱ्या दिवशी आम्ही मावशीबरोबर बाजारात गेलो आणि आई मुळ्याचा भाव करू लागली. भाजीवालीने हातातली जुडी खाली ठेवली.

"अगं बाई, माझी आजी अस्सं बोलायची. उइसोंगच्या का हो तुम्ही?"

"हो," आई म्हणाली. तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "उइसोंगच्याच आम्ही."

"मग इथे आन्सानला राहता?"

"मी नाही, ताई राहते. मी साखालिनहून आलेय. रशियातून."

भाजीवाली एकदा आईकडे, एकदा मावशीकडे बघत राहिली. "ह्या रशियन आजी इथल्या," ती म्हणाली, "आणि तुम्ही रशियाच्या? उलटंच झालं की हो." तिने एक मुळा जास्त घातला. परतताना मावशीने आईचा हात धरला होता. सभेनंतरचा तिचा राग त्या दिवशी उतरला, असं मला वाटतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही आजोबांच्या गावी गेलो. त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा, नो गी-तेक, सत्तरीचा, अंगणात लसणाच्या जुड्या बांधत होता. त्याने आम्हाला टेकडीवर पूर्वजांच्या थडग्यांपाशी नेलं. आईने दारूचा पेला दोन्ही हातांनी धरून ओतला, वाकली, कपाळ गवताला टेकवलं. तिला एकदाही विचारावं लागलं नाही. मावशी तिच्याकडे बघून बघून करत होती, आणि एकदा चुकीच्या वेळी उठली.

"काकांसाठी जागा ठेवली आहे," गी-तेक म्हणाला, आणि थडग्यांच्या ओळीच्या टोकाची मोकळी जागा दाखवली. "माझ्या वडिलांनी मरताना सांगितलं होतं. हाडं तरी आणा."

जेवताना तो मावशीला म्हणाला, "तुम्ही आता इथल्याच, दर सणाला या." मग आईकडे वळून त्याने आपुलकीने विचारलं, "आणि तुम्ही तुमच्या देशात कधी परतणार?"

आईने तारीख सांगितली. भात संपवला. स्वयंपाक छान झाला होता, असं त्याच्या सुनेला सांगितलं.

हाडं न्यायची परवानगी मिळायला पुढे दहाहून जास्त वर्षं गेली. सरकारं बदलली, समित्या आल्या. मग एका उन्हाळ्यात निरोप आला की खाणीत राबवलेल्यांचे अवशेष न्यायला विमान येणार आहे. कुटुंबाची संमती हवी. मावशी तोवर गुडघ्यांनी अधू झाली होती, तिला येता आलं नाही. संमती द्यायची होती आईने.

मी म्हटलं, "नको देऊस. ते गेले तर इथे तुझं कोण?"

"त्यांना जायचं होतं," आई म्हणाली.

"तुलाही जायचं होतं."

"मला घेत नाहीत. त्यांना घेतायत. त्यांनाही इथेच ठेवू, मला घेत नाहीत म्हणून?"

तिने सही केली. टेकडीवर खणायला माणसं आली, तेव्हा आई सकाळपासून तिथे उभी होती. आजोबांचं फार काही उरलं नव्हतं. जे होतं ते तिने स्वतः कापसाने पुसलं, कागदात गुंडाळलं. कुणाला हात लावू दिला नाही.

शहरात निरोपाचा समारंभ झाला. पेट्या पांढऱ्या कापडात बांधून ओळीने मांडल्या होत्या. सोलहून आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्याने भाषण केलं. आपली माणसं आज मायदेशी परत येत आहेत, राष्ट्र आपल्या लेकरांना विसरत नाही, असं तो म्हणाला. बोलताना त्याने दोनदा थांबून डोळे पुसले. ते नाटक नव्हतं.

नंतर तो एकेका कुटुंबापाशी येऊन दोन्ही हातांनी हात धरत होता. आईपाशी आला. आई म्हणाली, "साहेब, यांना मुलगी आहे. ती मी. मला कधी नेणार?"

अधिकारी थबकला. मग त्याच्या चेहऱ्यावर कौतुक आलं.

"तुम्ही कोरियन फार सुंदर बोलता," तो म्हणाला. "कुठे शिकलात?"

आईने नम्रपणे मान लववली, आणि तो पुढच्या कुटुंबाकडे गेला.

विमान गेल्यावर आम्ही बसने खोल्म्स्कला परतलो. आईला आधी टेकडीवर जायचं होतं. खणणारी माणसं खड्डा तसाच टाकून गेली होती, शेजारी मातीचा ढीग आणि एक विसरलेला हातमोजा. खाली बंदरात पलीकडे जाणारी बोट भरत होती. मी फावडं शोधू लागले.

"बुजवू नकोस," आई म्हणाली. "मला लागेल."

मी तिला रागावले. ती हसली नाही, रडली नाही. तिने पिशवीतून सुका मासा आणि दारूची बाटली काढली, आणि कुणापुढे ठेवायचं ते न कळून काही वेळ हातातच धरून उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात कब्रस्तानातून फोन आला की खड्डा उघडा ठेवता येणार नाही, कुणी पडलं तर जबाबदारी आमच्यावर येईल. मी आणि माझ्या नवऱ्याने जाऊन तो बुजवला. आईला सांगितलं नाही. गुडघे दुखतात म्हणून ती त्यानंतर टेकडीवर गेलेली नाही, पण मावशीशी फोनवर बोलताना दर वेळी सांगते की जागा आहे, मोकळी आहे.