नव्या लॅपटॉपातली पाल

लॅपटॉपातून पाल चुकचुकल्यासारखा आवाज आला तेव्हा हेमाताईंनी सवयीने जमिनीवर बोटं आपटून "कृष्ण कृष्ण" म्हटलं. दत्तात्रेय मान न उचलता म्हणाले, "भिंतीवर असेल."

"भिंतीवर नाही हो. तुमच्या त्या यंत्रात आहे."

दत्तात्रेयांनी कान लावला. टक्, टक्, टक्, जरा विश्रांती, पुन्हा टक्. पडदा निळा झाला, त्यावर इंग्रजीत बरंच काही उमटलं आणि ते वाचून व्हायच्या आत सगळं काळं झालं. त्या काळोखात त्यांच्या कुळाच्या चौदा पिढ्या गडप झाल्या.

म्हणजे कुलवृत्तांत. आपण कोण, कुठून आलो आणि कोणाचा मुलगा अमेरिकेत आहे हे छापून ठेवायची हौस कोकणातल्या बऱ्याच कुळांना असते, तशी दत्तात्रेयांच्या कुळालाही होती. मे महिन्यातल्या कुलसंमेलनात ग्रंथाचं प्रकाशन ठरलं होतं. संपादक म्हणून दत्तात्रेयांची एकमताने निवड झाली होती, कारण त्या सभेला ते एकटेच उशिरा पोचले होते. पण एकदा अंगावर पडल्यावर त्यांनी काम जीव लावून केलं. चार वर्षं घरोघरी हिंडून, पत्रं पाठवून, रुसलेल्या शाखांचे रुसवे काढून माहिती जमवली. मांडवीतल्या घरात कागद पलंगाखाली मावेनात, तेव्हा दसऱ्याला लॅपटॉप घेतला.

घेतला अर्थातच हरिश्चंद्राकडून. हरिश्चंद्र त्यांचा चुलतचुलत भाऊ, शाळेपासूनचा मित्र, आणि रत्नागिरीत कॉम्प्युटरचं दुकान नि क्लास चालवणारा. "मुंबईहून मागवू या का?" असं हेमाताईंनी विचारलं, त्या रात्री दत्तात्रेय जेवायला मुकाट्याने बसले आणि मुकाट्याने उठले. हरिश्चंद्राने खोका त्यांच्या डोळ्यांदेखत फोडला, नव्या यंत्राचा वास घ्यायला दिला आणि म्हणाला, "आता दोन दिवस ठेवून जा. विंडोज भरतो, मराठी फॉन्ट टाकतो. तू घरचा. तुझं काम मी पोरांच्या हातात देणार नाही, स्वतः करीन."

स्वतः केलं.

फेब्रुवारीपर्यंत सगळा वृत्तांत टाइप झाला. "आता ते कागद कशाला सांभाळतोस?" हरिश्चंद्र म्हणाला. "डिस्कवर गेलं म्हणजे जांभ्यात कोरलं. उगाच घराला वाळवी लागेल." आरे-वारेच्या वाटेवर दत्तात्रेयांची कलमांची बाग होती, हंगाम तोंडावर आला होता, आणि पेट्यांत पेंढ्याबरोबर घालायला कागद लागतोच. चौदा पिढ्या कातरून हापूसच्या अंगाभोवती बसवल्या गेल्या आणि ट्रकने वाशीला रवाना झाल्या.

आणि आता एप्रिलात ही पाल. त्यांनी फोन लावला.

"हरी, हा टक्टक् करतोय."

"बंद करून चालू कर."

"केला."

"मग व्हायरस असेल. इंटरनेटवर काय काय बघतोस रे?"

"माझ्याकडे इंटरनेट नाही."

"मग खारी हवा! मांडवीत राहतोस मेल्या, समुद्र खिडकीत. तुला सांगितलं होतं, गोदरेजच्या कपाटात ठेवत जा."

हे हरिश्चंद्राने कधीच सांगितलं नव्हतं. तरी दत्तात्रेयांनी चुकलं म्हणून टाकलं. लॅपटॉप कपाटात हेमाताईंच्या शालूखाली ठेवला. बाहेर आला तो पालीसकट. फक्त आता त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

"घरी नेऊन पूजा केलीस तेव्हा पाणी शिंपडलंस का?" हरिश्चंद्राने विचारलं.

"एक फुलभर."

"मग!" हरिश्चंद्र म्हणाला, आणि त्या एका शब्दाने दत्तात्रेय आठवडाभर स्वतःला आणि देवाला दोष देत राहिले.

मुलगी वैदेही पुण्याहून सुट्टीला आली. ती सॉफ्टवेअर कंपनीत होती, त्यामुळे पूजेच्या पाण्याचा मुद्दा तिने ऐकून घेतला नाही. लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढले, आतली डिस्क वायरने आपल्या लॅपटॉपला जोडली आणि गेलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम लावून ती कैरी खात बसली. दत्तात्रेय ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नातेवाइकासारखे येरझाऱ्या घालत होते.

"बाबा," ती म्हणाली, "ह्यात तुमच्या आधी कोणीतरी राहून गेलंय."

"काहीतरीच काय! नवा आहे तो."

"लॅपटॉप नवा आहे. डिस्क जुनी आहे. आधीच्या माणसाने पुसलेलं सगळं वर येतंय. हे बघा."

पडद्यावर फोटो उमटला. केळीचे खांब, चौरंग, सोवळं नेसलेला हरिश्चंद्र. दोन वर्षांपूर्वीचा त्याच्याकडचा सत्यनारायण. आणि उजव्या कोपऱ्यात डोळे मिटून प्रसादाचा शिरा खाणारे दत्तात्रेय स्वतः. हे फोटो हरिश्चंद्राने त्या वेळी आपल्या लॅपटॉपवर सगळ्यांना कौतुकाने दाखवले होते.

आंब्याच्या पेटीत वरचा थर निवडक आणि खालचा बारका कोण कोण लावतं, हे दत्तात्रेयांना नावानिशी ठाऊक होतं. स्वतः कधी लावला नाही, म्हणून बाजारात त्यांना थोडं वेडं समजत. खोका समोर फोडला तेव्हा खालच्या थराला हात घालून बघायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं. हरीच्या पेटीत कोण हात घालतं?

कुलवृत्तांतातलं एकच प्रकरण धड हाती लागलं, तेही हरिश्चंद्राच्या शाखेचं. त्यात दत्तात्रेयांनीच लिहिलं होतं: 'व्यवसाय संगणकविक्री. सचोटीबद्दल पंचक्रोशीत ख्याती. भाऊबंदांच्या अडीअडचणीला धावून जाणारे.'

दुसऱ्या दिवशी ते फोटो छापून घेऊन दुकानात गेले.

"अरे! सत्यनारायण!" हरिश्चंद्राचा चेहरा फुलला. "कुठे मिळाला? आमच्या हिने किती शोधला. बाकीचेही असतील, मला एक सीडी मारून दे."

"माझ्या नव्या लॅपटॉपात मिळाला."

हरिश्चंद्राने उठून पंखा वाढवला. "बस ना. चहा सांगतो." मग जरा वेळाने, "माझी डिस्क कुरकुरायला लागली होती रे. क्लासचं सगळं त्यात. म्हटलं, तुझं काय, नुसती नावं तर टाइप करायची. तेवढं निभलं असतं."

"गिऱ्हाइकांशीही असंच करतोस?"

"छे छे! गिऱ्हाईक दुकानात येऊन तमाशा करेल. तू घरचा म्हणून."

हे तो इतक्या मायेने म्हणाला की दत्तात्रेयांना क्षणभर आभार मानावेसे वाटले.

"आणि कागद टाकून दे म्हणालास ते?"

"ते बाकी मनापासून म्हणालो होतो. शपथ. आण तो लॅपटॉप, नवी डिस्क टाकून देतो."

"ती कोणाची असेल?" दत्तात्रेय म्हणाले, आणि चहा आला तसा सोडून पायऱ्या उतरले.

संमेलन ठरल्या दिवशी झालं. पुण्या-मुंबईहून माणसं आली, हॉल भरला. दत्तात्रेयांनी उभं राहून सांगितलं की यंत्र बिघडलं आणि एक प्रकरण सोडून सगळा ग्रंथ गेला. कुजबुज झाली. "मग चार वर्षं केलंत काय?" कोणीतरी मागून विचारलं. "कागद जपून ठेवायला काय झालं होतं?" दुसरं कोणी.

तेव्हा पहिल्या रांगेतून हरिश्चंद्र उठला. "मंडळी, चूक माणसाच्याच हातून होते. दत्ताने मरमर काम केलंय. आपल्याच माणसाला आपण सांभाळून नाही घेणार तर कोण घेणार?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "बाबा, सांगा ना," वैदेही दबक्या आवाजात म्हणाली. दत्तात्रेयांनी हरिश्चंद्राकडे पाहिलं. तो मान हलवून त्यांना धीर देत होता.

"वाचलंय तेवढं तरी वाच," व्यासपीठावरचे वयोवृद्ध नानाकाका म्हणाले.

दत्तात्रेयांनी कागद काढला. हरिश्चंद्राची शाखा, मूळपुरुष, पणजोबा, आजोबा, सगळं संथ आवाजात वाचलं. "हरिश्चंद्र. व्यवसाय संगणकविक्री." इथे ते थांबले. खिशातलं पेन काढून कागद टेबलावर ठेवला आणि पुढच्याच एका शब्दावर नीट, पट्टीने ओढावी तशी रेघ ओढली. टाळीसाठी उचललेले हरिश्चंद्राचे हात पुन्हा मांडीवर गेले.

"काय रे खोडलंस?" नानाकाकांनी विचारलं.

"एक शब्द, नानाकाका."

"महत्त्वाचा होता?"

"नाही," दत्तात्रेय म्हणाले. "माझ्याच हातून चुकून पडला होता."