खाटेजवळची खुर्ची

मार्च महिन्यातील एका सोमवारी, सकाळी, कर्करोग रुग्णालयाच्या तळमजल्यावर, समाजसेवा विभागाच्या बिनखिडकीच्या खोलीत बाई उभ्या होत्या, आणि ‘बसा’ असे त्यांना तिसऱ्यांदा सांगितले जात होते.

“बसत नाही. वॉर्डात जायचंय. काय ते उभ्याउभ्या सांगा,” बाई म्हणाल्या.

समोरचा विभागप्रमुख एके काळी त्यांच्याच हाताखाली शिकला होता. हुद्द्याने साहेब झाला तरी बाईंशी बोलण्यापूर्वी त्याला अजून घसा खाकरावा लागे.

“बाई, तीन महिने वॉर्ड सोडा. नव्या मुलींना शिकवा, नाहीतर सरळ रजा घ्या.”

“का? कुणाची तक्रार आहे?”

“लिफ्टवाल्याची.”

“कुठला लिफ्टवाला?”

“गेल्या आठवड्यात दुरुस्तीला आला होता तो. तुम्ही म्हणे त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि विचारलंत, ‘सोबत घरचं कुणी आलंय का?’ पाना टाकून धावत माझ्याकडे आला. म्हणाला, साहेब, मला काय झालंय ते तरी सांगा!”

बाई हसल्या नाहीत. “चेहरा उतरला होता त्याचा.”

“सकाळपासून लिफ्टखाली वाकून बसला होता, बाई. कुणाचाही उतरेल.”

“आणि माझ्यावाचून वॉर्ड चालेल?”

“चालेल,” तो म्हणाला, आणि एवढे बोलण्याचे धैर्य आपल्याला झाले याचे त्याचे त्यालाच नवल वाटले. “संध्याकाळपर्यंत सांगा.”

“आत्ताच सांगते. नाही.”

“संध्याकाळपर्यंत,” त्याने पुन्हा म्हटले. पण बाई तोवर जिन्यावर पोचल्या होत्या.

त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. घरी त्या जेवता जेवता दोनदा उठत. झोपेतही कूस बदलत राहत. त्याच दिवशी सकाळी मुलीने पायात चपला सरकवता सरकवता सांगितले होते, “आई, नोकरी लागली मला!” त्यावर बाईंनी तिचा हात हातात घेऊन अगदी शांत स्वरात विचारले होते, “तुला आत्ता काय वाटतंय?” मुलगी म्हणाली, “आई, नोकरी लागलीय. मेलं नाहीये कुणी.” दार जरा जोरातच लागले. एवढे चिडण्यासारखे त्यात काय होते, हे बाईंना तिसरा मजला आला तरी उमगले नव्हते.

येथे बाईंच्या पद्धतीविषयी चार शब्द लिहिणे प्राप्त आहे. कारण तिला नुसती सवय म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. बाई समाजसेविका म्हणून नोकरीला लागल्या तेव्हा डॉक्टर दारात उभे राहून निदान सांगत आणि वाक्य पुरे होण्याआधी पाठ फिरवत. मागे उरलेल्या माणसांचे काय होते, हे पाहणारे कोणी नव्हते. बाईंनी ते पाहिले, आणि वर्षानुवर्षे विचार करून एक रीत बसवली. पडदा ओढावा. खुर्ची फरफटवू नये, उचलून आणावी. तिच्या पायांचा आवाज माणसाच्या जन्मभर लक्षात राहतो. पाण्याचा पेला हात पोचेल अशा जागी ठेवावा. नजर रुग्णाच्या नजरेच्या पातळीवर आणावी. सोबत कोण आहे ते विचारावे. मग आवाज खाली घेऊन थोडक्यात, खरे तेच सांगावे आणि उठू नये. या रीतीने कित्येकांना सावरले, हे नाकारणारा माणूस कृतघ्न म्हणावा लागेल. परंतु रीत शिकवणाऱ्याला एक गोष्ट बहुधा दिसत नाही: ती बघणारेही शिकत असतात. वॉर्डात त्या लोखंडी खुर्चीवर भेटायला आलेले कोणी बसत नसे. ती टोचत असावी, असा बाईंचा समज होता.

वॉर्डाच्या दाराशी तरुण सर्जन घाईघाईने समोर आला.

“बाई, बऱ्या भेटलात! घड्याळजीकाकांचा रिपोर्ट आला. गाठ पूर्ण निघालीय, कडेला काही राहिलेलं नाही. सांगून टाका ना त्यांना, मी थिएटरला पळतो. एकदा तुमच्या तोंडूनही लोकांना गोड ऐकू दे!”

घड्याळे दुरुस्त करण्यात हयात घालवलेले काका खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसले होते, आणि काकू औषधाचे झाकण हातात धरून त्यांच्याशी हुज्जत घालत होत्या.

“बघा हो बाई, तोंड फिरवतात! नातवंडं बरी यांच्यापेक्षा.”

“जन्मभर हिचं कडू ऐकलं,” काका बसक्या आवाजात म्हणाले, “आता कडू प्यायचंपण?”

बाईंनी पडदा ओढला. खुर्ची उचलून आणली. पाण्याचा पेला काकूंच्या हाताशी सरकवला आणि बसून, काकांच्या डोळ्यांत पाहत, त्या म्हणाल्या, “थोडं बोलायचंय तुमच्याशी. मुलांपैकी कुणी आलंय का आज?”

पडद्यापलीकडे शेजारच्या खाटेवरचा रेडिओ बंद झाला. काकूंच्या हातातले झाकण कलंडले. काकांनी मनगटावरचे घड्याळ सोडले आणि बायकोच्या तळहातावर ठेवले.

“रोज किल्ली दे,” ते म्हणाले. “विसरू नकोस. आणि धाकट्याला म्हणावं, माझा राग नाही.”

“काका, तसं नाही,” बाई म्हणाल्या. “गाठ पूर्ण निघालीय. रिपोर्ट चांगला आहे.”

“खरं काय ते सांगा,” काकू म्हणाल्या.

“हेच खरं आहे.”

“एवढ्या हळू आवाजात चांगलं कोण सांगतं, बाई?”

बाईंनी आवाज चढवून पाहिला. तो चढला नाही. हसण्याचा प्रयत्न केला. ओठ हलले, पण त्यातून जे उमटले ते पाहून काकूंनी नवऱ्याचे पाऊल घट्ट धरले. इतक्या वर्षांत असंख्य चेहरे वाचलेल्या बाईंना आपला चेहरा काय सांगतो आहे, हे प्रथमच समोरच्या दोन चेहऱ्यांवर वाचता आले. पेल्यातले पाणी त्यांनीच पिऊन टाकले आणि डॉक्टरांना बोलवायला धावल्या.

सर्जन हिरव्या टोपीतच आला. दारात उभा राहिला, ज्या दारात उभे राहण्याविरुद्ध बाई जन्मभर भांडल्या होत्या त्याच दारात, आणि तिथूनच ओरडला, “काका, सुटलात! परवा घरी!”

सगळा वॉर्ड एकदम बोलू लागला. रेडिओ सुरू झाला. काकू रडल्या, मग रडण्याबद्दल नवऱ्यालाच बोलल्या.

“दे इकडे घड्याळ,” काका म्हणाले.

“मिळायचं नाही. दिलं ते दिलं. आणि धाकट्याला फोन मी आत्ताच लावणार. बोललात ते बोललात.”

बाई बाहेर, व्हरांड्यात, भिंतीशी उभ्या होत्या. एक पाय सारखा हलत होता. खाली जायचे, साहेबांना नाही म्हणून सांगायचे, मग पुरुषांच्या वॉर्डात एक नवीन रुग्ण पाहायचा, असे त्या मनात घोकत होत्या. पण पाऊल काही उचलत नव्हते.

आतून कर्कश आवाज आला. काकू ती लोखंडी खुर्ची फरशीवरून फरफटवत आणत होत्या.

“बसा.”

“नको, मला खाली...”

“बसा म्हणते ना!”

बाई बसल्या. खुर्ची टोचत नव्हती. काकू त्यांच्यासमोर, गुडघे धरत, जिन्याच्या पायरीवर टेकल्या.

“माझ्या जावेला इथंच सांगितलं होतं तुम्ही. तुम्ही होता म्हणून ती नीट गेली. विसरले नाही मी.” मग विचारले, “घरी कोण आहे तुमच्या?”

“मुलगी,” बाई म्हणाल्या. “आज नोकरी लागलीय तिला.”

“अगंबाई! आणि तुम्ही हे असं सांगताय?”

बाईंचा हलणारा पाय थांबला होता.

काकू गुडघ्यावर हात रेटून उठल्या आणि पूर्ण आवाजात, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा, म्हणाल्या,

“दमलात तुम्ही. आता घरी जा.”