झेलिंदाचं विरजण
"आत्या, पिंपं धुतली!" इलिओ दारातूनच ओरडला.

आर्जिया पांढरा घेवडा निवडत होती. "कुठली पिंपं?"

"मळ्यातली, माळ्यावरची. गोड वाइनची. नव्या तज्ज्ञानं सोडा टाकून कढत पाण्यानं धुवून घेतली. म्हणाला, तळाशी किती घाण साचलीय!"

"घाण त्याच्या डोक्यात साचलीय," आर्जिया म्हणाली आणि घेवड्याचं ताट बाजूला सरकवलं.

ती घाण म्हणजे विरजण. वाइन काढून घेतली तरी ते तळाशी राहू द्यायचं आणि त्यावरच सुकवलेल्या द्राक्षांचा नवा रस ओतायचा. कासाल्बोर्गा मळ्याच्या फाटकावर मालकांनी पाटी लावली होती : 'आमच्या घराण्याचं विरजण, तीनशे वर्षं अखंड.' ती पाटी वाचली की आर्जियाचं पित्त खवळे. कसलं अखंड? चव्वेचाळीस साली, युद्धात, सैनिकांनी सगळी पिंपं पिऊन फोडली होती. पुढच्या वर्षी झेलिंदा, आर्जियाची आई, लग्न होऊन या मळ्यात कुळाच्या घरी आली, ती माहेरचं विरजण घेऊन. ते तिनं मालकांच्या पिंपांतही घातलं. मागितलं काही नाही.

सत्तावन्न साली झेलिंदाच्या घरच्यांनी मळा सोडला, तेव्हा तिनं आपल्याच विरजणाच्या दोन बाटल्या भरून घेतल्या. कारभाऱ्यानं भर अंगणात गाडी अडवली. गाद्या फाडल्या. लग्नाच्या चादरीत गुंडाळलेली एक बाटली सापडली. थोरले मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "झेलिंदा चोर निघाली." दुसरी बाटली खुडूक कोंबडीच्या टोपलीत होती, दहा वर्षांच्या आर्जियाच्या मांडीवर. कोंबडी टोचायची, म्हणून तिथं कुणी हात घातला नाही. झेलिंदा मरेपर्यंत त्या अंगणाकडे फिरकली नाही.

"रस पिळून तयार आहे, आत्या. आज पिंपात गेला नाही तर नासेल. मालकांनी तुला बोलावलंय. विरजण तुझ्याकडेच आहे, हे गावाला ठाऊक आहे."

आर्जियानं विरजणाची बरणी पिशवीत घातली आणि इलिओबरोबर निघाली.

बाल्दास्सारे मालकांनी तिला कचेरीत नेऊन दार लावून घेतलं. "बसा, आर्जियाबाई. काय हवं ते सांगा."

"दार उघडा. अंगणात चला, कामावरच्या सगळ्यांना बोलवा आणि सांगा, विरजण झेलिंदाचं होतं, ती चोर नव्हती. मग मी स्वतः माळा चढून घालते."

मालक हसले. "किती जुनी गोष्ट! वडिलांविरुद्ध मी लोकांसमोर कसं बोलू? असं करू, पाटीवर एक ओळ घालू : गावातल्या एका स्त्रीनं मदत केली."

"एका स्त्रीनं?" आर्जिया उठलीच. "चोर म्हणताना बरं नाव आठवलं होतं तिचं! आणि हळू बोलू नका माझ्याशी. तेव्हा कुणी हळू बोललं नव्हतं."

"रस नासेल हो!"

"नासू दे. तीनशे वर्षांचं आहे ना तुमच्याकडे? घाला तेच."

ती तरातरा अंगणात आली. इलिओ मागोमाग. रस थांबलेला, म्हणून माणसंही कामं सोडून उभी होती. तिनं पिशवी इलिओच्या हातात दिली. "तुझ्या घरच्या पिंपात घाल. पिशवीचं तोंड उघडं ठेवूनच ने."

फाटकाशी नेल्लो पहारेकरी बाजूला झाला. "जा ना, आजी."

"जा काय? बघ आत. तुझ्या जागेवरच्या माणसानं गाद्या फाडल्या होत्या. बघ, आणि काय दिसतं ते मोठ्यानं सांग."

नेल्लोनं कचेरीच्या खिडकीकडे पाहिलं. मालक काचेमागे उभे होते. त्यानं पिशवीत डोकावलं. "विरजण आहे."

"कुणाचं?"

"झेलिंदाचं," नेल्लो पुटपुटला.

"ऐकू गेलं नाही त्यांना."

"झेलिंदाचं!" तो ओरडला.

वर खिडकीचा पडदा ओढला गेला. आर्जियानं एप्रनचे बंद घट्ट केले आणि इलिओला म्हणाली, "चल. घेवडा तसाच पडलाय."